आडवा धागा

हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात मी साडेआठ वर्षं काढली. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो आता उरलेलाही नाही. तिथे आम्ही काचेच्या धाग्यांपासून अँगल, चॅनेल, चौकोनी पाइप, शिड्या आणि केबल ट्रे बनवायचो. जिथे लोखंड गंजतं तिथे आमचा माल जायचा: कूलिंग टॉवर, सांडपाण्याचे प्लांट, ॲसिडच्या टाक्यांभोवतीचे कठडे. लोक त्याला सरसकट ‘फायबर’ म्हणायचे. आम्ही ज्या पद्धतीने तो बनवायचो तिला पुलट्रूजन म्हणतात.

ही पद्धत समजावून सांगायला मला सोऱ्याइतकं सोयीचं काही सापडलेलं नाही. सोऱ्यातून शेव पाडताना आपण पीठ मागून दाबतो. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या पट्ट्या अशाच दाबून काढतात. आमच्याकडे उलटं. मागे रॅकवर काचेच्या धाग्याची मोठमोठी रीळं मांडलेली. त्यांतून शंभर-दीडशे दोर निघायचे, रेझिनच्या टबात बुडायचे, छिद्रांच्या पाट्यांमधून एकत्र येत येत साधारण तीन फूट लांबीच्या तापलेल्या पोलादी साच्यात शिरायचे. साच्याचं तापमान १३०-१४० अंश. आत रेझिन आधी चिकट, मग दह्यासारखं, मग दगडासारखं व्हायचं, आणि दुसऱ्या तोंडातून घट्ट झालेला पाइप बाहेर यायचा. हे सगळं पुढून ओढलं जायचं. रबरी पकडींची दोन यंत्रं आळीपाळीने ओढत राहायची, मिनिटाला फूट-दोन फूट. पुढे करवत. यंत्र चालू असेपर्यंत पाइपला शेवट नसतो. गिऱ्हाइकाला सहा मीटर हवा म्हणून तो सहा मीटरवर कापायचा, एवढंच.

पहिल्या वर्षी मी धाग्याच्या दोराचा हातभर तुकडा घरी नेला होता, आबांना दाखवायला. आबा म्हणजे आजोबा. त्यांची सगळी नोकरी एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात गेली. तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, दिसायचं कमी. त्यांनी दोर बोटांत धरला, अंगठ्याने फिरवून पाहिला आणि म्हणाले, “हे तं रोव्हिंग हाये.”

मी चकित झालो, कारण आमच्याकडेही त्याला रोव्हिंगच म्हणत. कापसाच्या गिरणीत पेळू ओढून बारीक केला की सूत होण्याआधीच्या सैल दोराला रोव्हिंग म्हणतात. काचवाल्यांनी तो शब्द तसाच उचलला. पण आबांची बोटं थांबली नव्हती. “याले पीळ कुठं हाये?”

पीळ नव्हता. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर लांब. असे हजारो तुकडे एकमेकांना धरून राहावेत म्हणून सुताला पीळ द्यावा लागतो. पीळ नसेल तर ओढताच सूत सुटून येईल. काचेचा तंतू वितळलेल्या काचेतून अखंड ओढलेला असतो, रीळ संपेपर्यंत एकच. त्याला पीळ लागत नाही. दिला तर उलट नुकसान, कारण वाकडा धागा भार घेण्याआधी सरळ व्हायला बघतो. मी हे सगळं आबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “मंग याले आडवं कोन धरते?”

मी म्हणालो, रेझिन धरतं. त्यांनी दोर परत दिला. ते उत्तर अर्धवट होतं, हे मला सहा वर्षांनी कळलं.

एम्प्रेस मिल ही टाटांची नागपुरातली पहिली खूण. जमशेटजींनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. सगळे गिरणीवाले मुंबईत असताना हे गृहस्थ कापूस जिथे पिकतो तिथे आले. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी भरून घेतली. जमिनीत माती भरणाऱ्या या माणसाला पैसे द्यायला इथला एक सावकार तयार नव्हता, आणि पुढे त्यालाच पस्तावा झाला, ही गोष्ट टाटांच्या प्रत्येक चरित्रात येते. १ जानेवारी १८७७ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, म्हणून नाव एम्प्रेस. माझ्या दृष्टीने या गिरणीची मोठी गोष्ट नावात नाही, चात्यांत आहे. १८८०च्या दशकात, लँकेशायरचे गिरणीवाले रिंग चात्यांकडे संशयाने बघत होते तेव्हा, नागपुरात त्या आजमावून पाहिल्या गेल्या आणि पुढे गिरणीभर बसल्या. आबा ज्या खात्यात राबले ते खातं असं उभं राहिलं होतं. १९८६ साली गिरणी टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद झाली. आता तिथे मॉल आहे.

कापसाचं हे असं. काचेचा धागा मजबूत का असतो, हे कळायला १९२० साल उजाडावं लागलं. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ नावाच्या तरुण इंजिनिअरने काचेच्या कांड्या तापवून ओढल्या आणि तोडून पाहिल्या. मिलिमीटरभर जाडीची कांडी जेवढा ताण सोसते, त्याच्या सुमारे वीसपट ताण मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका बारीक धागा सोसत होता. काच तीच. ग्रिफिथचं म्हणणं असं की वस्तू तुटते ती तिच्या अंगावरच्या बारीक भेगांमुळे, आणि धागा जितका बारीक तितकी मोठी भेग त्यात मावायला जागा कमी. १९३०च्या दशकात अमेरिकेत गेम्स स्लेटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काचेचा धागा कारखान्यात काढायची रीत बसवली. १९३८ साली ओवेन्स कॉर्निंग कंपनी उभी राहिली. पुढे याच कंपनीचा एक कारखाना आपल्या तळोज्याला आला.

पुलट्रूजनची गोष्ट मात्र सुरू होते बांबूपासून. बांबू नसण्यापासून, खरं तर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आर्थर होवाल्ड नावाचे एक रसायनतज्ज्ञ होते, प्लॅस्टिकच्या धंद्यातले. मासेमारीचा नाद. त्यांच्या गळाच्या काठीचं टोक तुटलं. चांगल्या काठ्या चीनहून येणाऱ्या टोंकिन बांबूच्या फाकांपासून बनत, आणि युद्धामुळे तो बांबू मिळेना. होवाल्ड यांनी काचेचे धागे रेझिनमध्ये भिजवून, सगळे एका दिशेने ठेवून, टोक स्वतःच बनवलं. त्यातून शेक्सपिअर कंपनीची काचेच्या धाग्याची काठी बाजारात आली, आणि १९५१ साली होवाल्ड व मेयर यांना गळाच्या काठीच्या दांड्याचं पेटंट मिळालं. पुलट्रूजनच्या इतिहासात सुरुवातीच्या पेटंटांत हे नेहमी सांगतात. पुढे १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या ब्रँट गोल्ड्सवर्दी यांना लांबच लांब वस्तू सलग ओढून काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. आमच्या शेडमधलं यंत्र त्याच यंत्राचं नातवंड.

थोडं विषयांतर होईल, पण बांबू इथे दुसऱ्यांदा येतो. १८८०मध्ये एडिसन दिव्याच्या तारेसाठी जगभरचे तंतू जाळून पाहत होता. जपानमधल्या यावाता गावचा बांबू त्याला सगळ्यांत टिकाऊ वाटला. बांबूचा तंतू हवा न लागू देता भाजला की उरतो तो कार्बनचा तंतू. आज विमानात जो कार्बन फायबर असतो तो बांबूचा नसतो, १९५९-६०च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी दाखवलेल्या वाटेने ॲक्रिलिकच्या धाग्यापासून करतात. पण गडचिरोलीच्या बांबूचे ट्रक ज्यांनी लहानपणापासून पाहिले, त्या माझ्यासारख्यांना ही गोष्ट उगाच जवळची वाटते.

बुरडाला काम करताना बघितलंय का? बांबूच्या टोकाला कोयत्याचा एक घाव, मग नुसत्या दाबाने सरळ चीर धावत जाते. उभा बांबू तोडायला कुऱ्हाड लागते, उभा चिरायला हाताचा जोर पुरतो. पण प्रत्येक पेऱ्याशी चीर अडखळते. पेऱ्यात तंतू आडवे-तिडवे गुंतलेले असतात, म्हणून बांबू वाऱ्यात आपोआप फाटत नाही. निसर्गाने आडवा धागा दिला आहे, पण मोजून, ठरावीक अंतरावर.

पुलट्रूजनवाल्यांना हे शिकायला वेळ लागला. सुरुवातीचा माल म्हणजे भरीव कांड्या: गळाच्या काठ्या, मोटरच्या खाचांतल्या पट्ट्या, विजेच्या कामातले दांडे. त्यांना आडव्या धाग्याची फारशी गरज नव्हती. पोकळ पाइप, आय आकाराची तुळई, चॅनेल काढायचं म्हटल्यावर नुसत्या उभ्या धाग्यांचं भागेना. मग दोरांच्या वर-खाली मॅट घालायला लागले. मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची गादी, त्यात धागे सगळ्या दिशांनी पसरलेले. बांबूच्या पेऱ्याचं काम ती करते, फक्त पूर्ण लांबीभर.

आमच्या पाइपात पन्नास बाय पन्नास, सहा मिलिमीटर जाडी, अशा मापाला मॅटचे दोन थर ठरलेले होते. एक बाहेरून, एक आतून.

नागपूरच्या मे महिन्यात ही लाइन चालवणं म्हणजे काय ते सांगतो. बाहेर पंचेचाळीस अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि रेझिन तर उष्णतेनेच जमणारं. टबमध्येच ते घट्ट व्हायला लागायचं. आम्ही टबाभोवती बर्फाच्या लाद्या रचायचो, दुपारी बारा ते चार लाइन बंद ठेवायचो, रात्रपाळीला काम ओढायचो. एवढं करूनही आठवड्यातून एकदा साचा ‘बसायचा’: रेझिन आतल्या आत पोलादाला चिकटायचं, ओढणाऱ्या पकडी पाइपावरून सरकायला लागायच्या, आणि कर्कश आवाज यायचा. हे रेझिन एकदा जमलं की परत वितळत नाही. साचा उघडून, छिन्नी-हातोडीने फोडून काढा. स्टायरीनचा वास कपड्यांतून जायचा नाही. काचेची कूस मनगटात, मानेत शिरायची. काम सुटल्यावर गरम पाण्याने अंघोळ केली तर खाज दुप्पट, म्हणून आधी थंड पाणी, मग खोबरेल. नवीन पोरं तीन दिवसांत पळून जायची.

मॅट हा या सगळ्यात डोकेदुखीचा भाग. दोर निमूट येतात. मॅट साच्याच्या तोंडाशी चुरगळते, फाटते, कोपऱ्यात गोळा होते. साचा बसण्याचं निम्मं कारण तीच. शिवाय किलोमागे रोव्हिंगपेक्षा महाग. एका उन्हाळ्यात मोठी ऑर्डर होती, तारखा चुकत होत्या. मालकांनी विचारलं, आतला थर काढून तिथे दोर वाढवले तर? मी म्हणालो, चालेल. वरून दिसायला फरक नाही. वजन तेवढंच. आणि चाचणीत तर माल आधीपेक्षा सरस निघाला.

ते बरोबरच होतं. आम्ही पट्टी लांबीच्या दिशेने कापायचो आणि ओढून तोडायचो. उभे धागे वाढवल्यावर तो आकडा वाढणारच. आडवी पट्टी कापून तोडायची पद्धत आमच्याकडे नव्हती. पन्नास मिलिमीटरच्या पाइपातून आडवी पट्टी निघते केवढी, आणि मागतं कोण? चांगल्या, मॅट घातलेल्या मालातसुद्धा लांबीच्या दिशेने साधारण दोनशे मेगापास्कल ताकद असेल तर आडव्या दिशेला पन्नासच्या आत भरते. आमच्या त्या मालाचा आडवा आकडा किती होता, ते कधी मोजलंच गेलं नाही. चाचणीच्या कागदावर एकच रकाना होता. त्याखाली सही माझी.

कठडे बसवायला आमचाच फिटर गेला होता. खांबाच्या तळाशी दोन बोल्ट, पोलादी शूमध्ये. काम संपवून तो कठड्याला टेकून चढ्या जागेवरून पाना मागत होता, तेव्हा खालच्या बोल्टच्या भोकापासून खांब उभा चिरला. बांबू चिरतो तसाच, कोपऱ्याच्या रेषेत, हातभर. कठडा बाहेर झुकला आणि तो आठ-नऊ फुटांवरून खाली आला. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. तो हात पुढे पूर्ण वळला नाही. कंपनीने दवाखान्याचा खर्च केला, दोन महिन्यांचा पगार दिला, आणि कारण लिहिलं: बोल्ट जास्त आवळला.

बोल्ट आवळलेला होताच. लोखंडाच्या सवयीने सगळेच आवळतात. लोखंडात भोक पाडलं तर भोकाभोवतीचं लोखंड थोडं ताणून ओझं वाटून घेतं. या मालाला ताणणं ठाऊक नाही. भोक पाडताना आपण नेमके तेच धागे तोडतो ज्यांच्या भरवशावर सगळं उभं आहे, आणि बोल्टचा दाब उरलेल्या धाग्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. तिथे त्यांना धरायला आडवा धागा नसेल तर नुसतं रेझिन उरतं. आबांनी विचारलं होतं ते हेच.

तो चिरलेला तुकडा मी कापून घरी आणला. पुढच्या वर्षी, २००२ साली, युरोपात पुलट्रूजनच्या मालासाठी ईएन १३७०६ हे मानक आलं. मला ते बरंच उशिरा, दुसऱ्या नोकरीत वाचायला मिळालं. त्यात मालाच्या दोन प्रती आहेत, ई१७ आणि ई२३. कमी प्रतीच्या, म्हणजे ई१७च्या मालालाही लांबीच्या दिशेने किमान १७० मेगापास्कल, आडव्या दिशेने किमान ३०. आणि बोल्टच्या भोकाशी किती दाब सोसायला हवा, त्याचेही दोन आकडे, उभा आणि आडवा. जवळजवळ प्रत्येक गुणधर्माला दोन आकडे. मी ते पान बराच वेळ बघत बसलो होतो.

जगात यावर डोकं लढवणारे लोक आमच्या आधीपासून होते. १९९२ साली स्कॉटलंडच्या ॲबरफेल्डी गावात टे नदीवर एक पादचारी पूल उभा राहिला. गोल्फच्या मैदानाचे दोन भाग जोडायला. मधला गाळा ६३ मीटर, मनोरे आणि पाटा काचेच्या धाग्यांचे, ओढून काढलेल्या पेट्या एकमेकांत अडकवून चिकटवलेल्या, आणि पूल तोलणारे दोर अरामिडचे. बोल्ट शक्य तितके टाळलेले. १९९७ साली स्वित्झर्लंडमध्ये पोंट्रेसिना इथे साडेबारा-साडेबारा मीटरचे दोन गाळे असलेला पूल बांधला; त्यातला एक गाळा बोल्टने जोडला, दुसरा गोंदाने चिकटवला, मुद्दाम, दोन्हींची वागणूक शेजारी शेजारी बघता यावी म्हणून. हलका इतका की हेलिकॉप्टरने जागेवर ठेवतात आणि पुराच्या मोसमाआधी उचलून नेतात. मला त्या पुलाचं हलकेपण विशेष वाटत नाही. एकाच पुलात एक गाळा शंकेसाठी राखून ठेवला, ते वाटतं.

आता मिहान. सोनेगावच्या विमानतळाशी नागपूरचं जुनं नातं आहे. १९४९ सालापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री इथे जमायची, थैल्या आणि प्रवासी बदलून पहाटेपर्यंत परतायची. त्याच विमानतळाला लागून शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव अशा गावांच्या जमिनींवर मिहान आलं. एअर इंडियाने बोइंगला दिलेल्या मोठ्या ऑर्डरच्या बदल्यात काही काम भारतात यायचं होतं. त्यातून विमानदुरुस्तीचं केंद्र आलं, आणि टाटा मोटर्सच्या टाल या कंपनीने २००८ साली बोइंगशी करार करून ड्रीमलायनरच्या जमिनीखालच्या तुळया बनवायला घेतल्या. प्रवाशांच्या पायाखाली विमानाच्या पोटात आडव्या बसतात त्या, कार्बन तंतूंच्या. टालचं विमानाचं काम पुढे टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सकडे गेलं. म्हणजे जुम्मा तलावाकाठी कापसाचा धागा ओढायला आलेलं घराणं सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच शहरात पुन्हा धाग्यापाशीच येऊन पोचलं. याचं कौतुक नागपुरात कोणी केल्याचं मी ऐकलं नाही. संत्र्याबद्दल मात्र रोज ऐकतो.

विमानाच्या कामात पुलट्रूजनही शिरलं आहे. जपानच्या जामको कंपनीने एअरबस ए-३८०च्या वरच्या मजल्याच्या तुळया कार्बनचे थर ओढून काढल्या. पण पद्धत ओढण्याची असो की थर रचून भाजण्याची, विमानवाले धाग्याची दिशा कागदावर थराथराने लिहितात: इतके उभे, इतके पंचेचाळीस अंशांत तिरपे, इतके आडवे. एक थर कमी करायचा तर किती सह्या लागत असतील, याचा विचार माझ्या मनात येतो आणि मी तो तिथेच सोडतो.

तो फिटर आता हिंगणा टी-पॉइंटच्या पुढे चहाची टपरी चालवतो. मी अधूनमधून जातो. डाव्या हाताने चहा गाळतो, सवय झालीय. मागच्या पावसाळ्यात त्याने सहज विचारलं, “साहेब, तो बोल्ट मी खरंच जास्त आवळला होता का हो?”

दुकानात आणखी दोघं होते. मी म्हणालो, नाही. पाइपात आडवा धागा कमी होता. तो कमी करायला मी हो म्हटलं होतं.

त्याने पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाला, “आतून की बाहेरून?”

“आतून.”

“तरीच,” तो म्हणाला. “बाहेरून तं चांगला दिसत होता.” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चहा ओतायला लागला. तुकडा मी त्या दिवशी पिशवीत नेला होता, तो काढला नाही.